डिझेल इंजिन कशानं तापतं?

कवितेवर बोलायला मला अनेकदा बोलावणं येतं. इंजिनावर बोला, असं कोणीतरी पहिल्यांदाच म्हटलं आणि मला ते फार आवडलं. कविता मी पुढं शिकलो, डिझेलचा वास त्याच्या आधीपासून नाकात आहे. आमचे अब्बा मिरजगावात ऑइल इंजिनांचे मिस्त्री होते. शिवारात वीज पोचण्याआधी आमच्या कर्जत तालुक्यात विहिरीवर इंजिन असायचं आणि ते बंद पडलं की सायकलवर निरोप यायचा. माझ्या बी.ए.ची फी त्या इंजिनांच्या नोझल आणि पिस्टन रिंगांतूनच निघाली.

आजचा विषय साधा आहे. थंडीत, पावसाळ्यात, उन्हाळ्यात डिझेल गाडीचं इंजिन तापायला किती वेळ लागतो, आणि त्यासाठी गाडी दारात चालू ठेवावी का? आमच्या गावात कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं. ‘डिझेल गाडी आहे, थंडीत निदान पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायची.’ हे उत्तर इतक्या विश्वासानं दिलं जातं की त्यामागचं कारण विचारायला संकोच वाटावा.

मला ते विचारावं लागलं, कारण आमच्या बोळात शेजारच्या पोराची डिझेल जीप उभी असते. पोरगा गुणी आहे. नगरला दवाखान्यात जाणाऱ्या पेशंटांची ने-आण करतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण गाडीत बसताना सगळे अजून ‘नगर’च म्हणतात.) डिसेंबरात, शिवारात ज्वारी हुरड्यात आलेली असते तेव्हा, पहाटे फजरच्या नमाजाला उठलं की आधी त्याच्या जीपचा सेल्फ ऐकू येतो. मग जीप वीस-पंचवीस मिनिटं तिथंच घुर्र करत राहते आणि पांढरा धूर बोळातून आमच्या खिडकीत येतो. अम्मीला दमा आहे. ती अंथरुणात उठून बसते. खिडकी लावली तरी धूर दाराखालून येतो.

मी एकदा विषय काढला. तो म्हणाला, ‘चाचा, इंजिन थंड असताना पळवली आणि इंजिनाचं काम निघालं, तर हप्ते कोण भरणार?’ त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. इंजिन खोलायचं म्हणजे वर्षाची कमाई जाते. त्याला ‘धूर करू नकोस’ एवढंच सांगून भागणार नव्हतं. इंजिन कशानं तापतं, इथून सुरुवात करणं भाग होतं.

तर इंजिन मुळात पेट कसं घेतं ते पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाहीच. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा बुडखा हाताला चटका देतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दाबलेली हवा तापते. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरनं हेच तत्त्व धरलं आणि १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग इथं त्याचं इंजिन व्यवस्थित चाललं. सिलिंडरमधली हवा पिस्टननं तिच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शात दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

आता इंजिन गार असेल तर काय होतं? हवा दाबली जाते, तापते, पण सिलिंडरच्या थंडगार भिंती त्यातली बरीच उष्णता शोषून घेतात. थंडीनं बॅटरी मंदावलेली असते, तेल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो आणि हवेला गार व्हायला, रिंगांच्या फटीतून निसटायला आणखी वेळ मिळतो. मग डिझेलचा काही भाग न पेटताच वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. पहाटेचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर तो हाच. जे पेटतं तेही जरा उशिरा आणि एकदम पेटतं, म्हणून सकाळी डिझेल गाडी खडखड वाजते. ज्यांनी जुनी ट्रॅक्स चालवली आहे त्यांना हीटरचा पिवळा दिवा आठवत असेल. त्या गाडीत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं इंजिन असायचं. त्यात डिझेल आधी एका छोट्या वेगळ्या खोलीत पेटायचं. त्या खोलीच्या भिंती गार असल्या की काम अडायचं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग. दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा. नंतरच्या इंजिनांत फवारा थेट पिस्टनवर आणि प्रचंड दाबानं मारतात. आपल्याकडच्या थंडीत त्यांना हीटरची फारशी गरज पडत नाही.

म्हणजे डिझेल इंजिनाला थंडी बाधते, हे पोराचं म्हणणं खरं होतं. त्यावरचा त्याचा उपाय मात्र चुकीचा होता.

का, ते सांगतो. इंजिनाला ऊब कशातून मिळते? आत जळणाऱ्या डिझेलमधून, आणि फिरणाऱ्या भागांच्या घर्षणातून. पण ते घर्षणही शेवटी डिझेलच्याच जोरावर होतं. घड्याळाचे काटे पुढं सरकले म्हणून इंजिन तापत नाही, डिझेल जळेल तेवढंच ते तापतं. आणि उभ्या गाडीत डिझेल इंजिन इतकं कमी जळतं की विचारू नका. शिवाय ते पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवून धरत नाही. काम असो-नसो, छाती भरून गार हवा आत घेतं आणि तिच्याबरोबर आतली ऊबही सायलेन्सरवाटे बाहेर सोडतं. डिझेल गाडी ॲव्हरेज जास्त देते ते याच काटकसरीमुळे, आणि ती तापायला वेळ लावते तेही याच काटकसरीमुळे. पेट्रोल इंजिन उधळ्या स्वभावाचं. ते जास्त जाळतं, जास्त वाया घालवतं, म्हणून लवकर तापतं.

अब्बांची सवय होती, कुठल्याही बिघाडाचा हिशेब ते आधी आगपेटीच्या पाकिटावर मांडत. तसाच एक ढोबळ हिशेब मी मांडतो. जीपच्या इंजिनात दीडशे किलोच्या आसपास लोखंड आणि ॲल्युमिनियम, सहा-सात लिटर कूलंटचं पाणी, पाच-सहा लिटर तेल. हे सगळं दहा अंशांवरून पंच्याऐंशी अंशांवर न्यायचं, तर लागणारी उष्णता साधारण २०० मिलिलिटर डिझेलमध्ये असते. एक पेलाभर. पण जळणाऱ्या डिझेलची सगळी उष्णता इंजिनाला मिळत नाही. मोठमोठे वाटे चाकांकडे आणि सायलेन्सरकडे जातात, इंजिनाच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा येतो. म्हणजे इंजिन तापवायला सहाशे मिलिलिटर डिझेल जाळावं लागतं. थंड गाडी लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं, तर ते झाले सहा किलोमीटर. चाळीसच्या वेगानं नऊ-दहा मिनिटं.

हीच जीप जागेवर उभी ठेवली तर? ती तासाला कसंबसं सहाशे-सातशे मिलिलिटर डिझेल जाळते. हिशेब तुमचा तुम्हीच करा.

पोराला माझा हिशेब पटला नाही. ‘चाचा, तुम्ही कवी माणूस,’ असं म्हणून तो हसला. पण त्याच्याकडं एक यंत्र होतं. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं की कूलंटचं तापमान मोबाइलवर दिसतं. मी म्हटलं, चल, बघू. डिसेंबरातली पहाट, बाहेर अकरा अंश. पहिल्या दिवशी जीप नेहमीसारखी उभी ठेवली, फक्त बोळाबाहेर, वेशीजवळ. वीस मिनिटांनी मोबाइलवर आकडा होता एकोणपन्नास. दुसऱ्या दिवशी तेवढीच थंडी. जीप सुरू केली, अर्धा मिनिट थांबलो आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, जोर न करता, नगरच्या रस्त्याला लागलो. सातवा किलोमीटर संपायच्या आत आकडा ऐंशीवर होता. तो बराच वेळ मोबाइलकडं पाहत राहिला. मग म्हणाला, ‘आणि तेल?’

प्रश्न अगदी मिस्त्रीला शोभेल असा होता. कारण काटा दाखवतो ते पाण्याचं तापमान, आणि इंजिनाची झीज अवलंबून असते तेलावर. तेल मागं रेंगाळतं. पाणी ऐंशीला पोचतं तेव्हा तेल पन्नास-साठच्या घरात असू शकतं. म्हणून काटा मधोमध आला की लगेच पेडल दाबू नये, तेवढंच अंतर आणखी नरमाईनं जावं. सुरुवातीचं अर्धं मिनिट थांबायचं ते तेलासाठीच. तेलाचा लाल दिवा विझला, तेल वरच्या भागापर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचलं की झालं. त्यापुढं उभं राहून इंजिनाचं भलं होत नाही, उलट नुकसान होतं. गार सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेलं डिझेल धरतं, रिंगांवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळून त्याला पातळ करतं. पोरगा इंजिनाची झीज टाळायला जे करत होता त्यानंच झीज वाढत होती.

पुढं आम्हाला छंदच लागला. बाकीच्या ऋतूंतही आकडे पाहिले. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडं पारा चाळिसाच्या वर जातो. उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याआधीच पन्नाशीजवळ असते. तीन-चार किलोमीटरमध्ये ती पूर्ण तापते. पावसाळ्यात, आषाढातल्या वाऱ्यात, पहाटे तेवीस-चोवीस अंश असतात आणि पाच किलोमीटर लागतात. हवेतल्या दमटपणाचा फरक जवळजवळ पडत नाही. पावसाचं पाणी खालून उडून इंजिनाला लागतं त्यानं थोडा पडतो. म्हणजे आपल्या भागात, कडाक्याची थंडी आणि भर उन्हाळा यांत फरक आहे तो तीन-चार किलोमीटरचा. हवामानानं इंजिन कुठून निघणार ते ठरतं. किती झपाट्यानं तापणार, ते त्याच्यावर पडणाऱ्या कामावर ठरतं.

आणखी एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. लोखंड सावकाश निवतं. नगरला दवाखान्यापाशी तासभर थांबून परत निघताना जीपचं इंजिन अजून साठ अंशांवर असतं. थंड गाडी म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. तिच्यावर कापड टाका, शेडमध्ये लावा, पहाटे तीन-चार अंशांचा फरक पडेल. आमच्याकडं तेवढ्यासाठी शेड बांधायची गरज नाही.

आता थर्मोस्टॅटबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण अब्बांचं आणि गावातल्या इतर मिस्त्रींचं यावरून भांडण असायचं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये ही छोटी झडप बसवलेली असते. तिच्या पोटात मेण असतं. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना आलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडं जायला लागतं. तोवर ते इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. आपल्या उन्हाळ्यात गाडी हीट झाली की पुष्कळ ठिकाणी पहिला उपाय करतात तो ही झडपच काढून फेकायची. गाडी हीट व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण डिसेंबर आला की तीच गाडी वीस किलोमीटर गेली तरी काटा वर सरकत नाही, डिझेल जास्त खाते, धूर सोडते आणि मालक म्हणतो, थंडी फार आहे हो. मुळात हीट होण्याचं कारण बहुधा तुंबलेला रेडिएटर किंवा ढिला पट्टा असतं. तुमची गाडी हिवाळ्यात तापतच नसेल तर आधी मिस्त्रीला विचारा, थर्मोस्टॅट आहे का काढलाय.

हीच गोष्ट विहिरीवरच्या इंजिनांत अब्बा रोज पाहायचे. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काळात ती इंजिनं महाराष्ट्राच्या शिवाराशिवारात पोचली. त्यातल्या बऱ्याच इंजिनांना विहिरीचंच गार पाणी नळीनं फिरवून थंड ठेवलं जायचं. शेतकऱ्याला वाटायचं, जितकं गार तितकं चांगलं. तो नळी पूर्ण उघडी ठेवायचा. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी हाताला गारच लागायचं आणि शेतकरी समाधानानं झाडाखाली बसायचा. अब्बा गेले की आधी ती चकती अर्धी बंद करायचे. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे, हे त्यांचं माप. गार इंजिन डिझेल खातं आणि सिलिंडरही खातं, असं ते म्हणायचे. त्यांच्याकडं थर्मामीटर नव्हता.

खऱ्या थंडीची गोष्ट निराळी. आमच्या भागातली पुष्कळ पोरं फौजेत आहेत. गावातले एक निवृत्त जवान लडाखमध्ये ट्रक चालवायचे. ते सांगतात की तिकडं हिवाळ्यात शून्याखाली वीस-पंचवीस अंशांत इंजिन तापायला किती वेळ लागतो हा प्रश्नच नसतो. ते सुरू होतं का, हा प्रश्न असतो. रात्रीतून उठून गाड्या पुन्हा पुन्हा सुरू करायच्या, तेलाच्या टाकीखाली शेगडी ठेवायची, हे तिथलं नित्याचं काम. कारण डिझेलमध्येही मेण असतं. थंडीत ते गोठायला लागतं, डिझेल दुधासारखं गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहतं. तिथं जाळीपुढं ताडपत्री बांधणं, इंजिन काही वेळ उभ्यानं चालवणं याला अर्थ आहे. तिथली पद्धत कुणीतरी इकडं आणली आणि अकरा अंशांच्या थंडीत आपण ती पाळत बसलो, असा माझा अंदाज आहे.

धुराबद्दलही बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते हे खरं, पण तीही तापल्यावरच काम करते. दोनशे अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय ती जागी होत नाही आणि उभ्या गाडीचा धूर तिला तेवढं तापवत नाही. म्हणजे बोळात उभ्यानं चालवलेल्या गाडीचा धूर जवळपास जसाच्या तसा लोकांच्या घरात जातो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना भिंती, पहाटेची जड हवा. तो वर जायलाही जागा नसते.

शेजारचं पोरगं आता पहाटे जीप सुरू करतं आणि मिनिटभरात बोळाबाहेर असतं. वेशीपासून सात-आठ किलोमीटर सावकाश जातं. पेशंटांनाही बरं, म्हणे, आधी धक्के बसायचे. मात्र त्याचे वडील घरी असले की जीप दहा मिनिटं उभीच राहते. त्यांना मोबाइलवरचे आकडे दाखवले, ते म्हणाले, ‘आमच्या वेळेपासून असंच आहे.’ तेव्हा खिडकी लावायची आणि दाराखाली गोधडी सारायची.

ज्यांच्याकडं एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहाची डिझेल गाडी आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला तिथं सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. रोज घर ते दुकान दोन किलोमीटर आणि परत, असं चालवलं तर इंजिन कधी तापतच नाही, फिल्टर भरत जातो आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. हिवाळ्यात हा त्रास जास्त. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी हायवेला एका वेगानं न्यावी. आमच्या मिरजगावकरांना हायवे दारातच आहे, गावात राहणाऱ्या डॉक्टर-मास्तरांना हे मुद्दाम सांगावं लागतं. रोजचं जाणं-येणं दोन किलोमीटरचंच असेल, तर डिझेल गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावा असं माझं मत आहे.

आणि उभ्यानं गाडी चालू ठेवायची हौसच असेल, तर ती सकाळी निघताना करू नका, पोचल्यावर करा. मे महिन्यात घाट चढून किंवा भरल्या गाडीनं जोरात आलात की टर्बो लालबुंद तापलेला असतो. चावी लगेच फिरवली तर त्यातून फिरणारं तेल थांबतं आणि तिथंच करपतं. तेव्हा एक मिनिट इंजिन चालू राहू द्यावं. एवढंच, एक मिनिट. आणि तेही कोणाच्या खिडकीखाली नको.